कीर्द झाली, खतावणी राहिली: एका लेखापालाच्या रोजनिशीचं प्रकरण

अण्णा माझा सख्खा मोठा भाऊ. वय 54. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत 31 वर्षं नोकरी, त्यातली शेवटची 12 लेखापाल म्हणून. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. दोघांचाही जन्म जमा-नावे करण्यात गेला, त्यामुळे या प्रकरणाची भाषा हिशेबाची असणं साहजिक आहे. अण्णाने हा मजकूर वाचला, दोन ठिकाणी खोडलं, आणि उरलेलं लोकांनी वाचायला हरकत नाही म्हणाला. गावाचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत.

रोजनिशी लिहा, मन मोकळं होईल, स्वतःची ओळख पटेल, असं सगळे सांगतात. अण्णाने तीनदा सुरुवात केली. दोनदा ती मोडली आणि दुसऱ्यांदा तर घरात भांडण लावून मोडली. तिसऱ्यांदा टिकली. का टिकली आणि टिकून काय निघालं, ते नोंदवून ठेवावंसं वाटतं. एका माणसावरून नियम काढता येत नाही हे मला कळतं, पण एक माणूस नीट पाहिला तर पुष्कळ दिसतं.

आधीची परिस्थिती

2023 च्या नोव्हेंबरात माझ्या भाच्याने इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडलं आणि पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला लागला. फी भरलेली होती, खोलीचं डिपॉझिट दिलेलं होतं. अण्णाला पैशाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे की मुलाने आधी सांगितलं नाही. घरात बोलणं आटलं. डिसेंबरात चक्कर आली म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर ब्लडप्रेशर वाढलेलं. गोळी सुरू झाली. डॉक्टर जाता जाता म्हणाले, “मनातलं कुणाशी बोला, नाहीतर लिहून काढा.”

बोलणं अण्णाच्या स्वभावात नाही. म्हणून लिहिणं.

पहिली डायरी

विमा एजंटाने दिलेली, सोनेरी कडांची, रोज एक पान. 1 जानेवारी 2024 पासून सुरुवात. ती डायरी मी पाहिली आहे. 12 जानेवारीपर्यंत सलग, मग 15, 16, आणि एकदम 22. पुढे कोरी. मजकूर सगळा एका साच्यातला: “सकाळी 6 ला उठलो. ऑफिस. पिग्मीचा भरणा उशिरा. 8 ला घरी. जेवण. झोप.” (पिग्मी म्हणजे रोज थोडी थोडी गोळा होणारी ठेव.)

का सोडली म्हणून विचारलं तर म्हणाला, “एक पान कोरं राहिलं की कॅश कमी भरल्यासारखं वाटायचं. मग मागचं भरून काढायला बसायचो, आणि तीन दिवसांपूर्वी काय झालं ते आठवायचं नाही.” छापील तारखांच्या डायरीत हा दोष असतोच. चुकलेला प्रत्येक दिवस पांढरं पान होऊन समोर उभा राहतो. पाच पांढरी पानं झाली की माणूस डायरी उघडायलाच घाबरतो. जानेवारीत घेतलेल्या कितीतरी डायऱ्या फेब्रुवारीत भाजीचे हिशेब आणि फोन नंबर लिहायला लागतात, त्याला आळसापेक्षा हे कोरं पान जास्त जबाबदार आहे असं माझं मत आहे.

दुसरी वही

मार्चअखेर संपली, ऑडिटची गडबड ओसरली आणि एप्रिलमध्ये अण्णाने शंभर पानी वही घेतली. रात्री 11 नंतर, सगळे झोपल्यावर, तीन-तीन चार-चार पानं लिहायला लागला. मुलावर, चेअरमनवर, नशिबावर. पंधराएक दिवस रोज. मला फोनवर म्हणाला, “लिहितोय, पण लिहून उठलो की छाती धडधडते. दोन वाजेपर्यंत झोप नाही.”

“लिहून काढा” या सल्ल्याचं मूळ पुष्कळ अंशी एका प्रयोगात आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 1986 मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या आरोग्य केंद्राच्या खेपा कमी झाल्या. सल्ला देताना लोक दोन गोष्टी गाळतात. लिहायचे दिवस फक्त चार होते आणि दर वेळी फक्त 15 मिनिटं. शिवाय लिहून झाल्याबरोबर त्या विद्यार्थ्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट जास्त खिन्न वाटलं होतं. पुढे पेनेबेकर यांनी लोकांच्या लिखाणातले शब्द मोजले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘लक्षात आलं’, ‘आता कळतं’ अशा जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झालेला दिसला. तीच तक्रार त्याच शब्दांत उगाळली तर फारसं हाती लागत नाही. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डेव्हिड स्बारा यांनी 2013 मध्ये विभक्त झालेल्या जोडीदारांवर केलेल्या अभ्यासात तर असं दिसलं की ज्यांना मनात तेच तेच घोळवायची सवय होती, त्यांना भावना ओतून लिहिण्याने सावरायला उशीर लागला. रोजचा साधा दिनक्रम लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे राहिले.

अण्णा घोळवणाऱ्यांतला. लहानपणी कुणी चिंच हिसकावली तरी आठ दिवस तेच सांगायचा. त्याला रात्रीच्या एकांतात अमर्याद पानं देणं म्हणजे विहिरीत उतरायला दोर देऊन वर ओढायला कुणीच नसणं. हे मला तेव्हा सुचलं नाही. मीच म्हणत राहिले, “लिही, मोकळा होशील.” ते माझं चुकलं.

त्या वहीचा शेवट वेगळ्याच कारणाने झाला. गादीखाली ठेवलेली वही चादर बदलताना वहिनीच्या हाती लागली. तिच्याबद्दलही एक वाक्य होतं. ते काय होतं हे दोघांनीही मला सांगितलं नाही. रात्री मोठं भांडण झालं, आणि सकाळी अण्णाने वही फाडून पाणी तापवायच्या बंबात घातली.

तिसरी सुरुवात

जुलैच्या सुरुवातीला मी अकरावीला रोजकीर्द, म्हणजे व्यवहारांची तारखेवार वही, शिकवत होते. रात्री अण्णाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, “मला नाही जमायचं ते लिहिणं. आपला पिंडच नाही.”

मी म्हटलं, “अण्णा, तू 31 वर्षं रोज लिहितोयस. एक दिवस चुकला नाहीस.”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्याला फॉर्म असतो.”

तिथून सगळं फिरलं. माझी मुलं ज्याला वैतागतात तो जर्नल हा शब्दसुद्धा मुळात रोजच्या नोंदीचाच आहे. लुका पाचोली या इटालियन गणितीने 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्याच्या तीन वह्या सांगितल्या: घडेल ते टिपायची कच्ची वही, तारखेवार नोंदींची दैनिक वही, आणि खात्यांची मोठी वही. आपल्याकडे तारखेवार कीर्द आणि खात्यांची खतावणी आहेतच. मग अण्णाला अनोळखी डायरी कशाला द्यायची? त्याच्या हाताला वळण असलेलीच वही द्यावी.

फोनवरच आम्ही रचना ठरवली. छापील तारखा नसलेली लांब वही. जागा ऑफिसच्या टेबलाचा कुलपाचा खण. वेळ रात्रीची नाही. संध्याकाळी कॉम्प्युटरवर डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाला, रिपोर्टवर सही झाली की लगेच, उठायच्या आधी 10 मिनिटं. पहिल्या ओळीला श्री शिल्लक, म्हणजे दिवस सुरू होताना अंगात आणि मनात काय होतं. मग नोंदी, फार तर आठ, प्रत्येक एका ओळीची, जमा किंवा नावे. ज्याने बळ आलं ते जमा, ज्यात बळ गेलं ते नावे. शेवटच्या ओळीला अखेर शिल्लक.

दोन गोष्टी मी आग्रहाने घातल्या. एक स्पष्टीकरण. रोजकीर्दीच्या प्रत्येक नोंदीखाली कंसात ‘अमुक झाल्याबद्दल’ असं लिहायचा रिवाज आहे आणि त्याशिवाय मी मुलांना गुण देत नाही. अण्णालाही ‘बद्दल’ लिहिल्याशिवाय नोंद पुरी करायची नाही असं बजावलं. ‘कारण’ हा शब्द त्याच्या वहीत आणायचा याहून सोपा मार्ग मला दिसत नव्हता. दुसरी गोष्ट ‘ह.’, म्हणजे हस्ते. पावतीवर पैसे कुणाच्या हातून आले-गेले ते लिहितो, तसं इथेही.

10 जुलै 2024, बुधवारी पहिली नोंद पडली. ना पाडवा, ना एक तारीख. ती अशी:

“श्री शिल्लक: झोप 5 तास, डोकं जड. नावे: क्लार्कवर ओरडलो (व्हाऊचर उशिरा दिल्याबद्दल), ह. क्लार्क. नावे: जेवण राहिलं (तपासनीस बसल्याबद्दल), ह. तपासनीस. जमा: जुना खातेदार भेटला, चहा घेतला (मुलीचं लग्न ठरल्याबद्दल), ह. तो. अखेर शिल्लक: बरी.”

वाचताना मला भरून आलं. जानेवारीच्या डायरीत ‘ऑफिस’ एवढाच शब्द होता, त्यातून आता चार माणसं बाहेर आली होती.

सवय कशी लागते याचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेला अभ्यास आहे. 96 जणांनी 12 आठवडे एखादी नवी साधी गोष्ट रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून केली. ती आपोआप होऊ लागायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले, पण माणसागणिक अंदाज 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत निघाला. 21 दिवसांत सवय लागते असं जे ऐकवलं जातं त्याला त्या आकड्यांत आधार नाही. आणि एखादा दिवस चुकला तर घडी विस्कटत नाही, हेही त्यात दिसलं. अण्णाच्या बाबतीत डे-एंडच्या रिपोर्टवरची सही हा खुंटा होता. सही रोज होतेच, त्यामुळे वही रोज आठवतेच.

सप्टेंबरात गौरी-गणपतीत त्याची वही 12 दिवस बंद होती. जानेवारीत अशा खंडानंतर सगळं संपलं होतं. या वेळी त्याने पुढच्या ओळीवर ‘सुट्टी’ एवढं लिहिलं आणि चालू केलं. कीर्दीत सुट्टीच्या दिवसासाठी कोरं पान सोडत नाहीत. नुसत्या कागदाच्या या सोयीने तो वाचला.

खतावणीचा रविवार

मात्र हे सगळं सुरळीत होत होतं असं नाही. 18 ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, मी माहेरी गेले. चहा झाल्यावर अण्णाने पिशवीतून वही काढली आणि माझ्यासमोर टाकली. “ही बघ. कामाचे 32 दिवस, त्यातले 27 लिहिले. काय उपयोग? सगळं तेच. रोज राग, रोज मुलगा, रोज जेवण राहिलं. कचरा भरतोय नुसता.”

मी पानं चाळली. तक्रार खरी होती. आणि मला माझाच वर्ग आठवला. सत्र संपताना एखादं पोर वही दाखवतं, दीडशे नोंदी अचूक, आणि विचारलं की बँकेत शिल्लक किती, तर गप्प. कीर्द तारखेने चालते. एका खात्याचं काय झालं ते कीर्दीत कधीच दिसत नाही, कारण ते पन्नास पानांत विखुरलेलं असतं.

मी म्हटलं, “अण्णा, तू कीर्द लिहिलीस. खतावणी कुठाय?”

आम्ही वहीच्या मागच्या बाजूने पानं उलटी घेतली आणि खाती उघडली. राग खाते. झोप खाते. जेवण खाते. चेअरमन खाते. मुलगा खाते. मग एकेक दिवस घेऊन खतवायला बसलो. मी वाचायची, त्याने लिहायचं: तारीख, वार, काय, बद्दल, हस्ते. संध्याकाळचे साडेसात वाजले. वहिनीने दोनदा चहा आणून ठेवला.

मुलगा खात्यात 11 नोंदी निघाल्या. त्यांतल्या सहा फोनच्या. अण्णा कितीतरी महिने सगळ्यांना, मलासुद्धा, सांगत आला होता की “तो फोन करत नाही.” सहाही फोनच्या पुढे, त्याच्याच अक्षरात, लिहिलं होतं: ह. मुलगा. अण्णाने स्वतः केलेला फोन एकही नव्हता.

तो ते पान बराच वेळ बघत राहिला. मग त्याने कीर्दीतली ती सहा पानं परत काढून पाहिली. माझा भरवसा नाही म्हणून नव्हे, लेखापाल आहे म्हणून. बेरीज चुकलेली नव्हती.

दुसरं वार लिहिल्यामुळे दिसलं. सहापैकी पाच फोन मंगळवारचे, आणि भांडणात संपलेले चारही मंगळवारचे. राग खात्यात मंगळवार वरचेवर. जेवण खात्यात प्रत्येक मंगळवार. गावचा आठवडी बाजार मंगळवारी असतो. त्या दिवशी पतसंस्थेत गर्दी, पिग्मीचा भरणा सगळ्यांत मोठा, डबा तसाच परत जातो, कॅश जुळेपर्यंत आठ वाजतात. आणि मुलाची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. हॉटेलला शनिवार-रविवार सुट्टी कोण देणार? म्हणजे ज्या एका संध्याकाळी मुलगा मोकळा होऊन घरी फोन करत होता, त्याच संध्याकाळी बाप उपाशी, दमलेला, नोटा मोजून आलेला. दोन माणसांच्या वेळापत्रकांची टक्कर होती, आणि अण्णा तिला मुलाचा उद्दामपणा म्हणत आला होता.

हे काही मोठं मानसशास्त्र नाही. पण अण्णाच्या डोक्यात ते कधीच दिसलं नसतं, कारण डोक्यात खाती नसतात. तिथे ताजी, ठसठसणारी नोंद वर राहते आणि बाकीच्या तळाला जातात. आपल्याकडे पेशव्यांच्या दफ्तरात रोजनिश्या लिहिल्या गेल्या. लिहिणाऱ्या कारकुनांच्या डोळ्यांसमोर त्या त्या दिवसाचे हुकूम आणि खर्च होते. न्यायमूर्ती रानडे यांनी 1900 साली त्याच नोंदी विषयवार लावून वाचल्या, तेव्हा महसूल, न्याय, दंड, समाज कसा चालला होता ते दिसू लागलं. माझं म्हणणं एवढंच आहे की रोजनिशी लिहिणाऱ्याने स्वतःचा कारकून व्हावं हे ठीक, पण महिन्यातून एकदा स्वतःचा रानडेही व्हावं. रोजनिशीचा सल्ला देणारे लिहायला सांगतात आणि परत वाचायचं सांगत नाहीत, याचा मला राग येतो. अण्णाची पाच आठवड्यांची मेहनत त्यापायी केराच्या टोपलीत जाणार होती.

पुढचे महिने

अण्णाने त्या मंगळवारी फोन उचलला नाही. बुधवारी दुपारी स्वतः लावला आणि विचारलं, तुला मोकळा वेळ कधी असतो? हॉटेलच्या किचनमध्ये दुपारचं जेवण उरकल्यावर साडेतीन ते सहा मोकळीक असते, हे त्याला पहिल्यांदा कळलं. गुरुवारी दुपारी चारला फोन करायचं ठरलं. पतसंस्थेत त्या वेळी फारसं कुणी नसतं. पहिले तीन-चार फोन दोन-दोन मिनिटांचे झाले. “जेवलास का?” “हो.” “बरं.” वहीत मात्र ‘ह. स्वतः’ पडायला लागलं.

इथे एक अडचण झाली, ती सांगायलाच हवी. सप्टेंबरअखेरच्या खतावणीत मला दिसलं की आता सगळंच ‘ह. स्वतः’. क्लार्क रजेवर गेला, ह. स्वतः. चेअरमननी चारचौघांत अपमान केला, ह. स्वतः. आधी सगळा दोष लोकांच्या नावे टाकत होता, आता सगळा स्वतःच्या. सज्जन माणसांचं हे नेहमी होतं, आत्मपरीक्षण म्हणता म्हणता स्वतःला फटके मारणं सुरू होतं. मी त्याला म्हटलं, “अण्णा, दुसऱ्याने काढलेली रक्कम तू तुझ्या नावे टाकलीस तर ऑडिटर काय म्हणेल?” तो म्हणाला, “अफरातफर म्हणेल.” मग त्याने त्या महिन्याच्या नोंदी नव्याने पाहिल्या आणि सात ठिकाणी हस्ते दुरुस्त केलं. तांबड्या शाईने, खाली सही करून.

बेंजामिन फ्रँकलिन यांनीही तरुणपणी असंच आखलेलं पुस्तक ठेवलं होतं. 13 गुण आडव्या ओळींत, आठवड्याचे सात वार उभ्या रकान्यांत, चूक झाली की काळा ठिपका. दर आठवड्याला एका गुणावर लक्ष, म्हणजे 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार. व्यवस्थितपणा हा गुण आपल्याला कधीच जमला नाही अशी कबुली त्यांनी म्हातारपणी दिली. अण्णाला हे सांगितल्यावर त्याने विचारलं, “जमेचा रकाना होता का?” नव्हता. “मग ते पुस्तक अर्धंच झालं,” तो म्हणाला. मला ते पटलं. अण्णाच्या वहीत दर दिवशी निदान एक जमा असलीच पाहिजे हा नियम त्याने स्वतः घातला, आणि शोधायला लागल्यावर त्या सापडायला लागल्या: पावसानंतर आलेली सायकलवरची पोरं, क्लार्कने न सांगता आणलेला वडापाव.

दिवाळीला मुलगा आला नाही, हॉटेलात गर्दी होती. जानेवारीत दोन दिवस आला. किचनमध्ये महिन्याला किती माल वाया जातो याचा हिशेब कसा ठेवायचा, असं त्याने बापाला विचारलं. दोघं रात्री बारापर्यंत कागद घेऊन बसले होते, हे मला वहिनीने सांगितलं. इंजिनिअरिंगचा विषय अजून दोघांत दुखरा आहे. अण्णाच्या मनातून ती फी गेलेली नाही. त्याच्या मार्चच्या कीर्दीतही ती दोनदा नावे पडली आहे.

ब्लडप्रेशरची गोळी सुरू आहे आणि ती वहीमुळे कमी झाली असं मी म्हणणार नाही. झोप सुधारली हे झोप खात्यात दिसतं. रात्री 11 चं लिखाण बंद झालं हेच त्याचं मोठं कारण असावं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. लिहून उठल्यावर मन दर वेळी अधिक खोल जात असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही मिटवून माणसाकडे जायला हवं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

जे खातं उघडलं नव्हतं

यंदा एप्रिलमध्ये, मार्चअखेर पार पडल्यावर, मी परत गेले. वर्षाचा ताळेबंद करायचा असं आमचं ठरलं होतं. अण्णा बाजारात गेला होता. मी वहिनीला म्हटलं, “वहिनी, तुम्ही पण लिहा ना असं काहीतरी. अण्णाला बघा किती फरक पडला.”

वहिनी कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यांना ऑफिसात कुलपाचा खण आहे. मला कुठे आहे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या घरात, माझ्याही घरात, बाईच्या एकटीच्या मालकीचं कुलूप नाही. रोजनिशीवर मी इतका विचार केला, वेळ, कागद, आखणी, आणि ती ठेवायची कुठे हा प्रश्न अण्णाच्या बाबतीत सहज सुटला म्हणून पुढे विचारच केला नाही.

तिने हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दाराआडच्या खिळ्याला लटकवलेली कालनिर्णयं काढली. एकावर एक, सुतळीने बांधलेली, कितीतरी वर्षांची. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षर. “दीड लि.” “गॅस लावला.” “इस्त्री 12.” हे सगळ्या बायका लिहितात. पण अधूनमधून आणखी काही. “सासूबाई बोलल्या.” “ताप.” “दादा आला, बरं वाटलं.” आणि कुठे कुठे, कोपऱ्यात, पेन्सिलीचं छोटं गोल.

“हे काय?”

“त्या दिवशी मी जेवले नाही.” असं म्हणून ती पोळ्या लाटायला बसली.

मी 2024 चं कालनिर्णय उलगडून जुलैच्या पानावर आले. अण्णाची वही शेजारीच होती. मी ती उघडली. राग खाते, झोप खाते, जेवण खाते, चेअरमन खाते, मुलगा खाते. त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून खाती उघडली होती, वहिनी चहा ठेवून जात होती, आणि बायकोचं खातं उघडायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

16 जुलै, गोल. 23 जुलै, गोल. 30 जुलै. पान उलटलं. 6 ऑगस्ट. 13 ऑगस्ट. सगळे मंगळवार.

“वन्सं,” वहिनी पाठमोरी राहूनच म्हणाली, “ती खतावणी कशी घालायची असते, ते सांगाल का मला?”

मी पेन घेतलं आणि कालनिर्णयांची गाठ सोडली.